परदेशात मुलांची शाळा: आधी काय ठरवायचं, पैसे कुठे कुठे जातात

परदेशातली नोकरी पक्की झाली की घरात याद्या सुरू होतात. तिकिटं, सामान, बँक, भाड्याचं घर. मुलांच्या शाळेची ओळ या यादीत बहुतेक वेळा खाली असते, कारण ‘तिथे पोचल्यावर बघू’ असं वाटतं. ती ओळ सगळ्यात वर न्या. घर वर्षभरात बदलता येतं, पण न झेपणाऱ्या अभ्यासक्रमात दोन वर्षं अडकलेल्या मुलाला त्यातून बाहेर काढणं फार जड जातं. शिवाय बऱ्याच देशांत कोणती सरकारी शाळा मिळणार हे तुमच्या पत्त्यावरून ठरतं. घराचा करार आधी झाला तर शाळाही तेव्हाच ठरून गेलेली असते, आणि ते तुमच्या लक्षातही आलेलं नसतं.

आम्ही मुलांना घेऊन तीनदा देश बदलला. पहिल्या वेळी आम्ही हेच उलटं केलं. घर आधी घेतलं, मग शाळा शोधायला निघालो, आणि हव्या त्या शाळेत मुलीच्या इयत्तेत जागाच नव्हती. जी मिळाली तिथे पोचायला बसने पाऊण तास लागायचा. दहा वर्षांची मुलगी रोज दीड तास बसमध्ये बसून घरी आली की तिच्यात खेळायचंही त्राण उरायचं नाही. पुढे जे सांगतोय ते तेव्हापासून जमवत आणलेलं आहे.

पहिली पायरी: मुक्काम किती, आणि शालान्त परीक्षा कुठे?

शाळांची नावं शोधण्याआधी एका कागदावर तीन गोष्टी लिहा: मुलाचं आजचं वय, तुमच्या कराराची वर्षं, आणि शाळेतली शेवटची मोठी परीक्षा ते कोणत्या देशात, कोणत्या मंडळाची देण्याची शक्यता आहे. मग शेवटाकडून मागे मोजत या. बाकीचे निम्मे प्रश्न इथेच सुटतात.

मूल सात-आठ वर्षांच्या आतलं आणि मुक्काम दोन-तीन वर्षांचा असेल तर जवळजवळ कुठलीही चांगली शाळा चालते. या वयात अभ्यासक्रमाच्या नावापेक्षा शिक्षक आणि घरापासूनचं अंतर महत्त्वाचं. नऊ ते तेरा या वयात थोडं जपून निवडावं लागतं. चौदा ते अठरा हा सगळ्यात अवघड टप्पा, कारण इथे अभ्यासक्रम दोन-दोन वर्षांच्या गाठोड्यांत बांधलेले असतात. ब्रिटिश धर्तीचा आयजीसीएसई हा अभ्यासक्रम साधारण चौदा ते सोळा या वयात, त्यानंतर त्याच धर्तीचं ए-लेव्हल किंवा आयबी या आंतरराष्ट्रीय संस्थेचा डिप्लोमा ही आणखी दोन वर्षं. गाठोड्याच्या मधोमध शाळा बदलणं फार कठीण. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात नवीन विद्यार्थी बऱ्याच शाळा घेतच नाहीत. जिथे घेतात तिथेही तेच विषय त्याच पातळीवर असावे लागतात.

त्यामुळे मूल अशा दोन वर्षांच्या मध्यावर असेल तर माझा स्पष्ट सल्ला आहे: कंपनीकडे रुजू होण्याची तारीख पुढे मागा, नाहीतर परीक्षा होईपर्यंत आई-वडिलांपैकी एकानेच आधी पुढे जावं. ते महिने कठीण जातात, मला ठाऊक आहे. पण मुलाच्या शालान्त परीक्षेची किंमत देऊन सगळ्यांनी एकत्र जाण्याची घाई करू नये.

आणखी एक प्रश्न त्याच कागदावर लिहून ठेवा: मुक्काम वाढला तर? दोन वर्षांचे करार चार-चार वर्षं चालतात. फक्त दोन वर्षांसाठी पुरेल अशी शाळा निवडली असेल तर तिसऱ्या वर्षी सगळा शोध पुन्हा पहिल्यापासून.

दुसरी पायरी: सरकारी शाळेचा हक्क आहे का, हे आधी तपासा

अनेक पालक सरकारी शाळेचा विचार न करताच महागड्या शाळेकडे वळतात. तसं करू नका. पहिली चौकशी हीच करा: माझ्या व्हिसावर मुलाला स्थानिक सरकारी शाळेत प्रवेश मिळतो का, आणि तो मोफत आहे का? याचं उत्तर प्रत्येक देशात वेगळं आहे.

जर्मनीत राहणाऱ्या प्रत्येक मुलाला शाळा सक्तीची आहे आणि सरकारी शाळा मोफत आहे. फ्रान्समध्ये २०१९ पासून वयाच्या तिसऱ्या वर्षापासूनच शिक्षण सक्तीचं झालं. अमेरिकेत नोकरीच्या व्हिसावर आलेल्या पालकांची मुलं, म्हणजे एच-४ किंवा एल-२ वरची, सरकारी शाळेत फी न भरता जातात. पण मूल स्वतः एफ-१ विद्यार्थी व्हिसावर असेल तर सरकारी प्राथमिक शाळा बंद, आणि सरकारी हायस्कूल जास्तीत जास्त बारा महिने, तेही पूर्ण खर्च भरून. सिंगापूरमध्ये परदेशी मुलांना नागरिक आणि कायम रहिवाशांच्या नंतर जागा मिळतात, त्यासाठी वेगळी प्रवेश परीक्षा आहे आणि फीसुद्धा वेगळ्या दराने. संयुक्त अरब अमिरातीत बहुतेक परदेशी कुटुंबं खासगी शाळांतच मुलं घालतात.

हक्क असला की पुढचा प्रश्न भाषेचा. कॅनडातले भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये एक फरक मांडला, तो प्रत्येक स्थलांतरित पालकाला माहीत असायला हवा. मैदानावर, मित्रांशी बोलण्यापुरती भाषा मुलाला साधारण दोन वर्षांत येते. पण इतिहासाचा धडा समजून उत्तर लिहिण्याची, गणितातला शाब्दिक प्रश्न उलगडण्याची भाषा पक्की व्हायला पाच ते सात वर्षं लागू शकतात. वर्षभरात मूल शेजारच्या मुलांशी फडाफडा बोलू लागतं, आई-वडील निर्धास्त होतात, आणि मग गुण का पडत नाहीत हे कुणालाच कळत नाही. मुलात काहीही कमी नसतं, त्याच्या हाती अजून निम्मीच भाषा आलेली असते.

म्हणून मूल जितकं लहान आणि मुक्काम जितका लांब, तितकी स्थानिक शाळा फायद्याची. जर्मनी, फ्रान्ससारख्या देशांत नव्याने आलेल्या मुलांसाठी भाषेचे वेगळे वर्ग असतात. आधी तिथे, मग हळूहळू नेहमीच्या वर्गात, अशी सोय असते. तुमच्या भागातल्या शाळेत असा वर्ग आहे का, मूल त्यात किती काळ राहतं आणि बाहेर कधी पडतं, हे विचारा.

इथे एक धोका आहे आणि तो बऱ्याच जणांना फार उशिरा कळतो. काही देशांत मुलांची वाटणी लवकर होते. जर्मनीच्या बहुतेक राज्यांत चौथीनंतर मुलं वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमिक शाळांत जातात. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये ही वाटणी सहावीनंतर होते. नेदरलँड्समध्ये ती बाराव्या वर्षाच्या सुमारास होते. नऊ वर्षांचं हुशार मूल जर्मन न येता तिथे पोचलं, तर वाटणीच्या वेळी त्याच्या बुद्धीपेक्षा त्याच्या जर्मनचं माप घेतलं जाण्याची भीती असते. अशा वयात जाणार असाल तर वर्गशिक्षकांशी पहिल्याच महिन्यात बोला, आणि पुढे एका प्रकारच्या शाळेतून दुसऱ्या प्रकारात जाता येतं का, ते नीट समजून घ्या.

तिसरी पायरी: बाकीचे रस्ते

ठरलेल्या तारखेला परत जायचंच असेल, तर आपल्या मूळ देशाचा अभ्यासक्रम चालवणारी शाळा हा सरळ मार्ग. फ्रान्सची सरकारी संस्था एईएफई १९९० पासून परदेशातल्या फ्रेंच शाळांचं जाळं सांभाळते. त्यात पाचशेहून जास्त शाळा आहेत. जर्मनी आणि जपान यांच्याही अशा शाळा आहेत. सीबीएसईशी संलग्न शाळा आखाती देशांत मोठ्या संख्येने आहेत. आंतरराष्ट्रीय शाळेच्या मानाने यांची फी बहुधा कमी, आणि परतल्यावर मूल त्याच पुस्तकांसमोर बसतं. पण मुक्काम अनिश्चित असेल किंवा पुढे तिसऱ्याच देशात जाण्याची शक्यता असेल, तर याचा फायदा निम्मा होतो.

आंतरराष्ट्रीय शाळांत मुख्यतः तीन धारा दिसतात. पहिली आयबी, म्हणजे १९६८ मध्ये जिनिव्हात सुरू झालेली आंतरराष्ट्रीय संस्था. तिच्या डिप्लोमात सहा विषय, प्रत्येकी सातपैकी गुण, वर चार हजार शब्दांपर्यंतचा स्वतंत्र निबंध आणि ज्ञानमीमांसेचा, म्हणजे आपल्याला ज्ञान कसं होतं याचा, अभ्यास मिळून तीन गुण, असे एकूण ४५. शिवाय कला, खेळ आणि सेवेचा भाग सक्तीचा. दुसरी ब्रिटिश धारा: आयजीसीएसई, जी केंब्रिजने १९८८ मध्ये सुरू केली, आणि नंतर ए-लेव्हल, ज्यात मुलं साधारण तीनच विषय खोलवर शिकतात. तिसरी अमेरिकी: हायस्कूल डिप्लोमा आणि त्याच्या जोडीला एपी या कॉलेजच्या पातळीच्या विषयवार परीक्षा, ज्यांचे गुण एक ते पाच असे मोजतात.

यात चांगलं-वाईट असं काही नाही, मुलाचा पिंड बघा. ज्याला गणित आणि विज्ञानच हवं आहे, भाषा-निबंध नकोसे आहेत, त्याला ए-लेव्हल सुखाचं जातं. ज्याला सगळीकडे डोकावायचं आहे आणि वेळेचं नियोजन जमतं, त्याने आयबी घ्यावं. आणि पुढे ज्या देशात विद्यापीठात जायचं आहे तिथे कोणते विषय कोणत्या पातळीवर मागतात, हे विषय निवडण्यापूर्वी त्या विद्यापीठाच्या प्रवेश नियमांत वाचा. बारावीला आल्यावर वाचून उपयोग नसतो.

एक सावधगिरी. ‘इंटरनॅशनल’ हा शब्द पाटीवर असल्याने शाळेचा दर्जा ठरत नाही. आयबी चालवण्यासाठी शाळेला परवानगी लागते, आणि परवानगीच्या वाटेवर असलेल्या शाळेला ‘कँडिडेट’ म्हणतात. कँडिडेट शाळा डिप्लोमाच्या परीक्षेला मुलं बसवू शकत नाही. शाळेचं नाव आयबीच्या संकेतस्थळावर तपासायला पाच मिनिटं लागतात, ती जरूर द्या. तसंच सीआयएस, एनईएएससी किंवा डब्ल्यूएएससी या शाळांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थांची मान्यता आहे का, ब्रिटिश शाळा असेल तर तिच्या तपासणीचा जाहीर अहवाल आहे का, हे पाहा.

यांच्याखेरीज मधल्या काही सोयीही असतात. नेदरलँड्समध्ये सरकारी अनुदानावर चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शाळा आहेत. पालक तात्पुरत्या कामासाठी आलेले असतील तर तिथे पूर्ण खासगी शाळेपेक्षा बऱ्याच कमी फीत प्रवेश मिळतो. युरोपियन स्कूल ही शाळांची साखळी १९५३ मध्ये लक्झेंबर्गमध्ये सुरू झाली. ती मुख्यतः युरोपीय संघाच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे, पण जागा उरल्या तर इतरांना फी भरून घेतात. मुलांना घरीच शिकवण्याचा विचार असेल तर कायदा आधी बघा. जर्मनीत ते चालत नाही, स्वीडनमध्ये अगदी अपवादानेच परवानगी मिळते.

चौथी पायरी: खर्चाची बेरीज पूर्ण मुक्कामाची करा

शाळेच्या संकेतस्थळावर ठळक छापलेला आकडा म्हणजे फक्त शिकवण्याची वार्षिक फी. पालक तोच आकडा पगाराशी ताडून पाहतात आणि तिथेच चुकतात.

अर्ज करतानाच एक शुल्क लागतं, प्रवेश मिळाला नाही तरी ते परत येत नाही. जागा मिळाली की प्रवेश शुल्क किंवा अनामत रक्कम. अनामत परत मिळते, प्रवेश शुल्क नाही. कागदावर नेमका कोणता शब्द आहे ते बघा. मग इमारत निधी, ज्याला कॅपिटल लेव्ही म्हणतात, कधी एकदाच तर कधी दरवर्षी. हाँगकाँगमध्ये काही शाळा डिबेंचर, म्हणजे शाळेला दिलेल्या कर्जाचे रोखे, विकतात. काही पूर्ण परत मिळतात, काहींची किंमत दरवर्षी घटत जाते. त्यानंतर बस, गणवेश, जेवण, लॅपटॉप, सहली. शाळेची भाषा येत नसलेल्या मुलाच्या जादा तासांचे पैसे अनेक शाळा वेगळे घेतात. अभ्यासात वेगळी मदत लागणाऱ्या मुलासाठी सोबत बसणारी शिक्षिका लागली, तर तिचा पूर्ण पगार पालकांवर येऊ शकतो. दहावी-बारावीच्या टप्प्यावर बाहेरच्या परीक्षेची फी, तीही प्रत्येक विषयाची वेगळी.

हिशेब कसा मांडायचा, ते दाखवतो. आकडे फक्त समजण्यासाठी आहेत. पहिल्या वर्षाची फी १०० धरा आणि दरवर्षी पाच टक्के वाढ. चार वर्षांत १००, १०५, ११०, ११६, बेरीज ४३१. एकदाच भरायचे प्रवेश शुल्क वगैरे १५. बस दरवर्षी ८, म्हणजे ३२. भाषेचे जादा तास पहिली दोन वर्षं, दरवर्षी १०, म्हणजे २०. एकूण ४९८. चारशेची तयारी करून निघालेलं कुटुंब पाचशेपाशी पोचतं, आणि यात मूल वरच्या इयत्तेत गेल्यावर वाढणारी फी अजून धरलेलीच नाही. बहुतेक शाळांत वरच्या इयत्तांची फी खालच्यांपेक्षा जास्त असते. म्हणून शाळेकडून सगळ्या इयत्तांचं फीपत्रक आणि गेल्या तीन वर्षांत फी किती वाढली, या दोन गोष्टी लेखी मागा.

दोन मुलं असतील तर भावंडांची सवलत विचारा, ती दुसऱ्या मुलापासून आहे की तिसऱ्या, हेही. आणि पगार एका चलनात, फी दुसऱ्या चलनात असेल तर दराच्या चढउतारासाठी थोडी रक्कम बाजूला ठेवाच.

पाचवी पायरी: सही करण्याआधी कंपनीशी बोलणं

शिक्षण भत्त्याबद्दल मोकळेपणाने बोलण्याची वेळ एकच असते, करारावर सही होण्याआधीची. नंतर तुमच्या हातात काही राहत नाही. विचारा: फी पूर्ण देणार की ठरावीक मर्यादेपर्यंत? इमारत निधी, बस, भाषेचे तास त्यात येतात का? बालवाडीपासून देणार की सक्तीच्या शिक्षणाच्या वयापासून? बऱ्याच कंपन्या बालवाडी धरत नाहीत, आणि काही शहरांत बालवाडीच सगळ्यात खिशाला जड पडते. पैसे थेट शाळेला जाणार की आधी तुम्ही भरून नंतर मागायचे? दुसरी पद्धत असेल तर पोचताक्षणी मोठी रक्कम हातात लागते. या भत्त्यावर तिथे कर बसतो का, बसत असेल तर तो कोण भरणार?

आणि जो प्रश्न विचारायला संकोच वाटतो तोही विचाराच: वर्षाच्या मध्यावर नोकरी गेली तर मुलाचं ते वर्ष पूर्ण होईपर्यंत कंपनी फी भरेल का? माझ्या एका सहकाऱ्याने हे करारात लिहून घेतलं होतं. त्याची नोकरी खरंच गेली, आणि त्या एका ओळीमुळे त्याच्या मुलाला वार्षिक परीक्षा देऊन मगच निघता आलं.

सहावी पायरी: वय, इयत्ता आणि कागद

इयत्तांची नावं फसवतात. इंग्लंडची ‘इयर ६’ म्हणजे अमेरिकेची ‘ग्रेड ५’. इंग्लंडमध्ये वयाची रेषा ३१ ऑगस्टला आहे आणि मुलं चार पूर्ण झाल्यावर येणाऱ्या सप्टेंबरात शाळेत जातात. फिनलंडमध्ये सात पूर्ण होणाऱ्या वर्षी पहिली सुरू होते. शाळेशी बोलताना इयत्तेसोबत जन्मतारीखही सांगा. शैक्षणिक वर्षही सगळीकडे एकाच महिन्यात सुरू होत नाही: युरोप-अमेरिकेत ऑगस्ट-सप्टेंबर, जपानमध्ये एप्रिल, ऑस्ट्रेलियात जानेवारीच्या अखेरीस. मध्ये अर्धं वर्ष अडतं तेव्हा लहान मुलाला अर्धं वर्ष मागे बसवायला मी कचरणार नाही. नवी भाषा शिकणाऱ्या मुलाला ओळखीचा अभ्यास पुन्हा भेटला की धीर येतो.

कागद निघण्याआधी गोळा करा: मागच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं, शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला, लसीकरणाची पूर्ण नोंद. यातल्या कोणत्या कागदांवर अपॉस्टिल लागतो, कशाचं अधिकृत भाषांतर लागतं, हे नव्या शाळेला आधी विचारा. अपॉस्टिल ही कागद दुसऱ्या देशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारी, १९६१ च्या हेग करारानुसारची मोहोर. तो करार न मानणाऱ्या देशासाठी दूतावासाचा शिक्का लागतो. दूर देशात बसून हे करवून घ्यायला आठवडे जातात.

मुलाला वाचनाची अडचण, एकाग्रतेची अडचण किंवा आणखी काही निदान झालेलं असेल तर ते शाळेपासून लपवू नका. प्रवेश नाकारतील ही भीती मी समजू शकतो, आणि काही शाळा नाकारतातही. पण मदत न देणाऱ्या शाळेत मुलाने एक वर्ष काढणं त्या नकारापेक्षा फार वाईट.

सातवी पायरी: शाळा पाहायला जाताना

इमारत आणि पोहण्याचा तलाव दाखवायला शाळा उत्सुक असतात. तुम्ही मधली सुट्टी बघायला मागा. नवी मुलं एकटी उभी आहेत की कुणी त्यांना खेळात ओढतंय, हे दहा मिनिटांत दिसतं. दरवर्षी किती शिक्षक सोडून जातात ते विचारा. निम्मे बदलत असतील तर मला ती शाळा नको. वर्गात एकाच मातृभाषेची किती मुलं आहेत, तेही विचारा. एक-दोन असली तर मुलाला आधार मिळतो, निम्मा वर्ग तसा असेल तर शाळेची भाषा यायला वेळ लागतो. आणि गेल्याच वर्षी आलेल्या एखाद्या पालकांशी गाठ घालून द्यायला सांगा. त्यांना सगळं ताजं आठवत असतं.

प्रतीक्षा यादीवर नाव असणं म्हणजे प्रवेश नव्हे. त्या इयत्तेत तुमचा क्रमांक कितवा आणि साधारण कधी जागा सुटतात, हे विचारून दुसऱ्या शाळेतही अर्ज करून ठेवा.

पोचल्यावर, आणि निघताना

नव्या भाषेच्या वर्गात काही मुलं आठवडे, कधी महिने, तोंडच उघडत नाहीत. ती ऐकत असतात, साठवत असतात. आमचा धाकटा जवळजवळ चार महिने वर्गात एक शब्द बोलला नाही, आणि मग एके दिवशी पूर्ण वाक्य बोलला. या काळात घरी मराठी बंद करून शाळेची भाषा बोलायला लागू नका. घरची भाषा भक्कम असलेलं मूल दुसरी भाषाही जास्त चांगली उचलतं, आणि दिवसातून काही तास तरी त्याला मनातलं सगळं सांगता आलं पाहिजे. मूल खात नसेल, झोपत नसेल, रोज पोटात दुखतं म्हणत असेल, तर मात्र वाट न बघता वर्गशिक्षकांना भेटा.

निघायचं ठरलं की शाळेला सूचना किती आधी द्यायची, हे फीच्या करारात शोधा. बऱ्याच ठिकाणी पूर्ण एका सत्राची सूचना लागते, नाहीतर त्या सत्राची फी किंवा अनामत रक्कम जाते. सूचना लेखी द्या आणि तिची पोच घ्या. शेवटच्या दिवशी प्रगतिपुस्तकं, दाखला, शिकवलेल्या विषयांचा तपशील आणि शिक्षकांचं शिफारसपत्र हे सगळं शिक्क्यासह हातात घेऊनच बाहेर पडा, आणि ते कागद सामानाच्या खोक्यात न टाकता विमानात सोबतच्या पिशवीत ठेवा.